सीबी रेडिओचे भरभराटीचे दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरच्या दशकात मी इलिनॉयमध्ये नोकरीला होतो आणि गाडीत सीबी रेडिओ होता, एवढं कळलं की लोक तेच तेच विचारतात. नातवंडं विचारतात, मंडळाच्या गणपतीत भेटणारी तरुण पोरं विचारतात, पुण्याहून भाचेमंडळी फोनवर विचारतात. एकदाची उत्तरं लिहून ठेवतो. क्रम सुचला तसा आहे.

सीबी म्हणजे हॅम रेडिओच ना?

नाही, आणि हॅमवाल्यांसमोर असं म्हणू नका. हॅम म्हणजे हौशी लोकांचं वायरलेस, त्याला परीक्षा असते. त्या काळी मोर्स कोडही यावा लागे. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला पट्टा. परीक्षा नाही, अभ्यास नाही. सेट आणा, गाडीच्या बॅटरीला जोडा, अँटेना लावा आणि बोला.

हा पट्टा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. १९५८ मध्ये एफसीसीनं, म्हणजे तिथल्या नियामक खात्यानं, हॅमवाल्यांकडची ११ मीटर लांबीच्या लहरींची जागा काढून घेऊन सीबीला दिली. त्याचा राग काही जुन्या हॅमवाल्यांच्या मनातून पुढे वीस वर्षं गेला नव्हता. सुरुवातीला चॅनल २३ होते आणि ताकद जेमतेम ४ वॉट. मूळ कल्पना अशी की प्लंबर, शेतकरी, टॅक्सीवाले यांना दुकानाशी किंवा घराशी दोन शब्द बोलता यावेत. पहिली पंधरा वर्षं साधारण तसंच चाललं. गप्पा मारणारे तेव्हाही होते, पण थोडे.

मग १९७३ नंतर एवढं वेड का लागलं?

तेलामुळे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं. डिझेल महागलं, पंपांवर रांगा लागल्या, काही ठिकाणी ठरावीक गॅलनांवर देईनात. त्यातच सरकारनं देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आणली. राष्ट्राध्यक्ष निक्सननी त्या कायद्यावर जानेवारी १९७४ मध्ये सही केली.

आता ट्रकवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. स्वतःचा ट्रक, त्याचे हप्ते, आणि कमाई मैलावर. सरळसोट, रिकाम्या हायवेवर ५५ नं जायचं म्हणजे दिवसाची कमाई सरळ कापली जाणार. डिझेल कुठल्या पंपावर आहे आणि पोलीस कुठल्या पुलाखाली रडार लावून बसलाय, या दोन गोष्टी कळणं ही पोटापाण्याची बाब झाली. दोन्ही गोष्टी समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला ठाऊक असत, कारण तो नुकताच तिथून आलेला असे. सीबीनं या दोघांना जोडलं.

डिसेंबर १९७३ मध्ये चिडलेल्या ट्रकवाल्यांनी हायवे अडवले. पेनसिल्व्हेनिया, ओहायो या भागांत मैलोन्‌मैल ट्रक उभे होते, आणि ही जमवाजमव बरीचशी सीबीवरून झाली होती. टीव्हीच्या बातम्यांत सगळ्या देशानं हे पाहिलं. तोपर्यंत ज्याला सीबी हा शब्द माहीत नव्हता, त्यालाही कळलं की ट्रकवाल्यांकडे एक यंत्र आहे आणि त्यावर ते आपसात बोलतात. ऐकायची इच्छा तिथून सुरू झाली. साध्या गाडीवाल्यांनाही ५५ ची मर्यादा नकोच होती, हे वेगळं सांगायला नको.

लायसन लागायचं का?

कागदोपत्री लागायचं. फी २० डॉलर होती, ती १९७५ मध्ये ४ डॉलरवर आली. तीन अक्षरं आणि चार आकडे असा एक कॉलसाइन मिळे आणि बोलताना तो सांगावा असा नियम होता. शिवाय एका दमात पाच मिनिटांच्या वर बोलायचं नाही, १५० मैलांपलीकडे बोलायचं नाही, असंही बरंच काही होतं.

१९७६ पर्यंत अर्जांचा असा पूर आला की खात्याला आवरेना. मग तात्पुरता परवाना निघाला: इंग्रजी के हे अक्षर, त्यापुढे तुमच्या नावाची आद्याक्षरं आणि त्यापुढे पिनकोड. फॉर्म भरला की तुम्हीच तुमचा कॉलसाइन बनवायचा! सरकारी खात्यानं इतकी माघार घेतलेली मी फारशी पाहिलेली नाही. १९८३ मध्ये लायसनची अटच काढून टाकली. तोवर कितीतरी जण विनालायसनच बोलत होते, त्यामुळे फरक कुणाला जाणवला नाही.

ती सांकेतिक भाषा कशी होती? थोडी शिकवा ना.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही लांब.

हायवेवर सगळे चॅनल १९ वर असत. मध्येच बोलायचं असेल तर आधी जागा मागायची: ‘ब्रेकर वन-नाइन’. कुणीतरी म्हणे, ‘गो अहेड, ब्रेकर’. मग बोला. समजलं तर ‘टेन-फोर’. ‘तुझा ट्वेंटी काय?’ म्हणजे तू आहेस कुठे. हे दहाचे कोड मुळात पोलिसांच्या वायरलेसमधले, ट्रकवाल्यांनी उचलले आणि स्वतःची भर घातली. ‘टेन-वन-हंड्रेड’ म्हणजे लघुशंकेला थांबतोय. पोलिसांच्या यादीत तो अर्थ अर्थातच नव्हता.

पोलिसाला ‘स्मोकी’ म्हणत. जंगलखात्याच्या वणवाविरोधी जाहिरातीत स्मोकी नावाचं अस्वल असे, त्याच्या डोक्यावरची रुंद काठाची टोपी आणि हायवे पोलिसांची टोपी सारखी. एकदा पोलीस अस्वल झाला म्हटल्यावर बाकीचं ओघानं आलं. हेलिकॉप्टरमधला तो ‘हवेतलं अस्वल’. रडारवाला तो ‘कोडॅकवाला कोजॅक’: रडार म्हणजे जणू कोडॅकचा कॅमेरा, आणि कोजॅक नावाचा टकल्या डिटेक्टिव्ह तेव्हा टीव्हीवर गाजत होता. खुणा नसलेली पोलीस गाडी म्हणजे ‘प्लेन रॅपर’. ट्रकचं वजन करायचा नाका म्हणजे ‘चिकन कूप’, कोंबड्यांचं खुराडं.

ताफा करून जाताना पुढची गाडी ‘फ्रंट डोअर’, शेपटाची ‘बॅक डोअर’. पुढच्यानं समोरचे पोलीस सांगायचे, मागच्यानं मागून येणारे. मधले निवांत, म्हणून त्या जागेला ‘रॉकिंग चेअर’. निरोप घेताना ‘थ्रीज अँड एट्स’, म्हणजे हॅमवाल्यांच्या ७३ आणि ८८ या शुभेच्छांचं कडबोळं.

या सगळ्यात गुप्त असं काहीच नव्हतं. पोलिसांनाही ती भाषा पाठ होती आणि पुढे कितीतरी राज्यांच्या हायवे पोलिसांनी स्वतःच्या गाड्यांत सीबी बसवले. पण बोलताना आपण एका टोळीचे आहोत असं वाटायचं. शिकागोतला बँकेतला कारकूनसुद्धा माईक हातात घेतला की टेनेसीच्या ट्रकवाल्यासारखे हेल काढायचा. ऐकायला फार गंमत यायची.

तुमचं हँडल काय होतं?

बॉम्बे डक. १९७६ मध्ये जिकडेतिकडे ‘रबर डक’ झाले होते (का ते पुढे सांगतो), त्या बदकांत हे एक खपून गेलं. बोंबील कुणाला समजावत बसायचा!

हँडल म्हणजे टोपणनाव. नियमाप्रमाणे कॉलसाइन सांगायचा, पण सांगतो कोण? राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्डही सीबीवर येत आणि त्यांचं हँडल होतं ‘फर्स्ट मामा’. हँडलमागे कोण आहे हे कळत नसे, हाच त्यातला खरा आनंद. ऑफिसात माझं नाव कुणाला धड उच्चारता यायचं नाही. सीबीवर मी पहिल्या दिवसापासून डक होतो. उच्चारांवरून एका ट्रकवाल्यानं मला वेल्सचा ठरवलं होतं आणि मीही ते खोडून काढलं नाही.

ते ‘कॉन्व्हॉय’ गाणं खरंच एवढं गाजलं?

हो. सी. डब्ल्यू. मॅकॉल या नावानं गाणारे बिल फ्राईज हे ओमाहातल्या जाहिरात कंपनीतले गृहस्थ. त्यांचं ‘कॉन्व्हॉय’ जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ट्रकवाले ताफा करून पोलिसांची नाकेबंदी मोडतात, एवढीच गोष्ट, बरीचशी सीबीच्या बोलीत सांगितलेली. नायकाचं हँडल रबर डक. तेलटंचाईनं ट्रकवाल्यांना सीबी दिला, या गाण्यानं तो शाळामास्तर, दंतवैद्य आणि आमच्यासारखे व्हिसावर आलेले इंजिनिअर यांना दिला. त्या वर्षी दुकानात सेट आला की संपायचा.

किती लांबपर्यंत ऐकू जायचं?

गाडीतून गाडीत, सपाट मुलुखात, पाच-सात किलोमीटर. घरच्या छपरावर उंच अँटेना असेल तर वीसेक. मधे डोंगर आला, शहर आलं, की कमी. अँटेनावर सगळं अवलंबून. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर. एवढी लांब पोलादी छडी गाडीच्या मागच्या बंपरवर लावणारे शौकीन होते. ती गॅरेजच्या दाराला अडकायची. बाकीचे लोक बुडाशी तारेचं वेटोळं असलेली, टपावर लोहचुंबकानं बसणारी छोटी अँटेना वापरत. ट्रकवाल्यांच्या दोन्ही आरशांवर जुळ्या अँटेना असत, त्यांवरून ट्रक लांबूनच ओळखू यायचा.

पण कधीकधी ‘स्किप’ व्हायचं. सूर्यावरचे डाग वाढले की वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर या लहरी परत खाली फेकतो आणि ४ वॉटचा आवाज हजारो किलोमीटरवर जाऊन पडतो. दुपारी शिकागोत बसून फ्लोरिडातला किंवा कॅलिफोर्नियातला माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू यायचा आणि पलीकडच्या गल्लीतला मित्र मात्र ऐकू यायचा नाही. असं लांब बोलणं नियमाबाहेर होतं. सगळे करत.

शेजाऱ्यांचा टीव्ही बिघडायचा ही थाप आहे ना?

अजिबात नाही. २७ ची दुप्पट ५४, आणि अमेरिकेत टीव्हीचं चॅनल २ नेमकं ५४ मेगाहर्ट्झपासून सुरू व्हायचं. तिप्पट ८१, ते चॅनल ५ मध्ये पडायचं. सेट नीट नसला की शेजाऱ्याच्या पडद्यावर आडवे पट्टे आणि मालिकेच्या मध्येच ‘टेन-फोर, गुड बडी’. त्यात ‘लिनिअर’ लावणारे महाभाग असत. लिनिअर म्हणजे ४ वॉटचे शंभर-दोनशे वॉट करणारं बेकायदा यंत्र. १९७८ मध्ये या पट्ट्यात चालणाऱ्या अशा यंत्रांच्या विक्रीवर बंदी आली, पण गॅरेजमध्ये बनवणाऱ्याला कोण अडवणार?

अडचणीत खरंच मदत मिळायची का?

मिळायची. चॅनल ९ फक्त संकटासाठी राखीव होता. रिअ‍ॅक्ट नावाची स्वयंसेवकांची संघटना १९६२ मध्ये शिकागोत सुरू झाली होती. तिची माणसं घरी बसून पाळीपाळीनं चॅनल ९ ऐकत आणि गरज पडली की पोलिसांना किंवा ॲम्ब्युलन्सला फोन करत. रस्त्यात फोन नसण्याच्या काळात हे केवढं मोठं काम होतं, ते आज सांगून पटत नाही.

आयोवातून जाणाऱ्या आय-८० हायवेवर हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं की पुढचं काही दिसत नाही. अशा वेळी पुढे गेलेला ट्रकवाला १९ वर बोलत राहायचा: इथे पूल निसरडा आहे, उजवीकडे गाडी अडकलीय, पुढच्या एक्झिटला थांबा, कॉफी मिळेल. त्याच्या आवाजामागे गाड्या सरकत राहायच्या. असा प्रवास मी केलाय, आणि त्या आवाजाचा चेहरा मला कधीच पाहायला मिळाला नाही. मंडळाच्या सहलीला तीन-चार गाड्या निघाल्या की आम्हीही सीबीवर मराठीत बोलायचो. एका वहिनींनी पुरणपोळीची कृती सांगितली तेव्हा मधेच कुणीतरी विचारलं होतं, ‘व्हॉट कोड इज दॅट?’

मग सगळं छानच होतं म्हणायचं?

गाव म्हटलं की उकिरडा आलाच. नाव लपलेलं असलं की काही लोकांच्या जिभेला हाड राहत नाही. शिव्या, माईक दाबून धरून दुसऱ्याला बोलू न देणं, बायकांचा आवाज आला की चाळे, आणि वर्णद्वेष. कृष्णवर्णीय सीबीवाल्यांचे स्वतःचे क्लब होते, त्याला हेही एक कारण होतं. मला आवाजावरून वेल्सचा समजले ते चांगलंच झालं, असं काही रात्री वाटायचं.

ब्रिटनमध्येही हे होतं का?

होतं, आणि तिथली कहाणी जास्त नाट्यमय आहे. तिथे सीबी बेकायदा होता. लोक अमेरिकेतून सेट चोरून आणत, पोस्टखात्याची माणसं पकडायला फिरत. पोस्टाच्या टेलिफोन जाहिरातीत बझबी नावाचा पिवळा पक्षी असे, म्हणून या शोधपथकांनाच लोक बझबी म्हणू लागले. मोर्चे निघाले, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि शेवटी २ नोव्हेंबर १९८१ ला परवानगी आली. पण अमेरिकेतल्या एएमऐवजी एफएमवर आणि वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे आधीचे सगळे सेट बेकायदाच राहिले. तिथे हाक मारायचा चॅनल १४. परवान्याची अट २००६ मध्ये गेली.

भारतात का नाही आला?

कारण वायरलेस हा सरकारचा मक्ता होता. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा, दोन्ही इंग्रजांचे, दोन्ही दीर्घायुषी. सत्तरच्या दशकात घरी नुसता गाणी ऐकायचा रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत, तिथे बोलणारा रेडिओ कोण देतो! परीक्षा देऊन हॅम होता यायचं, आणि पुण्या-मुंबईत चांगले हॅम होते, पण ट्रकवाल्याच्या हातात माईक कधी आला नाही. २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला खरा, पण तोवर ट्रकवाल्याच्या खिशात मोबाइल होता. आपल्याकडे या पट्ट्याची ओळख राहिली ती मुलांच्या रिमोटच्या गाडीपुरती. तिच्या खोक्यावर २७ मेगाहर्ट्झ छापलेलं बघा.

मोबाइलनं सीबी मारला ना?

हे सगळेच म्हणतात आणि ते चूक आहे. तारखा बघा. वेडाचा कळस १९७६-७७. ओहोटी १९७८ पासून. अमेरिकेतली पहिली व्यापारी सेल्युलर सेवा शिकागोत ऑक्टोबर १९८३ मध्ये सुरू झाली आणि तो फोन घ्यायला गाडीइतका खिसा लागायचा. मोबाइल आला तेव्हा सीबी केव्हाच आजारी होता.

त्याला मारलं गर्दीनं. एकाच चॅनलवर दोघे एकदम बोलले की एएममध्ये दोन्ही आवाजांचा चोथा होतो आणि वर एक कर्कश शिट्टी येते. मोठ्या शहराजवळ १९७७ च्या संध्याकाळी चॅनल १९ वर ती शिट्टी सोडून काही ऐकू यायचं नाही. उपाय म्हणून १ जानेवारी १९७७ पासून २३ चे ४० चॅनल केले. पण ते येणार हे आधीच्या उन्हाळ्यातच जाहीर झालं, त्यामुळे लोक २३ चॅनलचे सेट घेईनात, दुकानदारांनी ते मातीमोल विकले आणि कंपन्या बुडू लागल्या. नेब्रास्कातल्या लिंकन शहरातली हाय-गेन ही नावाजलेली कंपनी दिवाळखोरीत गेली. पडत्या भावानं आणखी लोक आले, गर्दी आणखी वाढली.

आणि एक कारण आकाशातलं, जे फारसं कुणी सांगत नाही. १९७६ मध्ये सूर्यावरचे डाग अगदी कमी होते. स्किप नव्हतं, म्हणून जवळचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. तो बहर शांत सूर्याखाली आला होता. १९७९ कडे डाग शिखराला पोचले तशी हजार मैलांवरची सगळी बडबड आमच्या चॅनलवर येऊन कोसळू लागली. सीबीची मजा पारावरच्या गप्पांची होती: पाच मैलांतली माणसं, रोजचेच आवाज. पारावर सगळा देश येऊन बसला तर गावकरी उठून घरी जाणारच. आमच्या भागातले नेहमीचे आवाज असेच एकेक कमी झाले. कुणी निरोप घेऊन गेलं नाही.

सीबी सगळ्यांना खुला होता म्हणून वाढला, आणि सगळ्यांना खुला होता म्हणूनच बसला. यावर उपाय होता असं मला वाटत नाही. परीक्षा घेतली असती तर तो दुसरा हॅम झाला असता.

आज कुणी वापरतं का?

वापरतात. अमेरिकेत काही ट्रकवाल्यांकडे अजून असतो, विशेषतः लाकडाच्या, खडीच्या वाहतुकीत. २०२१ मध्ये एफसीसीनं सीबीवर एफएमलाही परवानगी दिली. लांब बोलण्यावरची जुनी बंदी त्याआधी २०१७ मध्ये गेली, म्हणजे आम्ही चोरून करायचो ते आता राजरोस चालतं. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झवरचा यूएचएफ सीबी जोरात आहे.

आजोबांचा जुना सेट माळ्यावर सापडलाय. चालू करू का?

करा, पण अँटेना जोडल्याशिवाय माईकचं बटण चुकूनही दाबू नका. लहरींना बाहेर जायला वाट नसेल तर शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर जळू शकतो. गाडीतला सेट असेल तर १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय लागेल. आधी धन-ऋण तपासा, कारण तारा उलट लागल्या तर जे बिघडेल ते महागातलं असेल. इतक्या वर्षांत आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, ते एखाद्या जाणकाराकडून बदलून घ्या. चॅनलचं बटण फिरवताना खरखर आली तर काँटॅक्ट क्लिनरचा फवारा पुरतो. अँटेना लावल्यावर एसडब्ल्यूआर मीटरनं, म्हणजे अँटेनाकडून किती लहर परत येते ते दाखवणाऱ्या मीटरनं, मोजा. १.५ च्या आत असेल तर उत्तम, ३ च्या वर असेल तर बोलू नका, नुसतं ऐका. भारतात वापरायचा असेल तर सध्याचे नियम आधी पाहून घ्या.

माईकची वेटोळी वायर बहुतेक तुटलेली असेल. नवा माईक मिळतो, पण प्लगला पिना चार की पाच ते बघून मागवा. चार पिनांचा असला तरी सेटची कंपनी सांगा, कारण त्याच प्लगमधली जोडणी प्रत्येकाची वेगळी असते.